बंदुकीला तेल कोणतं, क्लीनर कोणता: कोकणच्या पावसात बारा बोअर टिकवण्याची पद्धत

कोकणात शेतराखणीच्या परवान्यावरची बंदूक वर्षातून मोजक्या वेळा वाजते. गंजाचं काम मात्र बारा महिने चालू असतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं पोलाद झपाट्याने गंजू लागतं, आणि इथे जून ते सप्टेंबर ती ऐंशी-नव्वदच्या घरात असते. म्हणून इथली बंदूक वापराने झिजून सहसा जात नाही. ती नळीत गंजून जाते, नाहीतर प्रेमाने ओतलेल्या चुकीच्या तेलाने आतून चिकटून बसते. दुसरा प्रकार जास्त दिसतो.

इथे मुख्य विचार केलाय तो दुनळी बारा बोअरचा, म्हणजे छर्‍यांची काडतुसं वाजवणाऱ्या दोन नळ्यांच्या बंदुकीचा. ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक, .३१५ आणि .२२ बोअरच्या रायफली आणि हवेची रायफल यांची गणितं वेगळी आहेत, ती शेवटी येतील.

एक बाटली, चार कामं

दुकानात 'गन ऑईल' मागितलं की एक बाटली हातात पडते. बंदुकीला लागणारी कामं मात्र चार आहेत: जळका मळ विरघळवणं, पाणी हाकलणं, घासणाऱ्या भागांत वंगण ठेवणं आणि पोलादावर टिकाऊ थर देऊन गंज रोखणं. मळ विरघळवणारा द्रव पातळ आणि उडून जाणारा लागतो. गंज रोखणारा जागेवर चिकटून राहावा लागतो. दोन्ही गुण एका द्रवात पूर्ण भरात येत नाहीत.

'सीएलपी' नावाने मिळणारी तेलं (सफाई, वंगण आणि संरक्षण एकत्र) हा मधला मार्ग आहे. अमेरिकी सैन्याच्या एमआयएल-पीआरएफ-६३४६० या मानकातलं सीएलपी रोज वापरातल्या शस्त्राला उत्तम. सैनिक ते वरचेवर पुन्हा लावतो. आपली बंदूक दोन महिने कपाटात राहणार असेल तर सीएलपीवर सगळा भार टाकू नये.

डब्ल्यूडी-४० बद्दल भांडणं फार होतात. १९५३ साली अमेरिकेत ते बनलं ते पाणी हटवण्यासाठी, आणि नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयोग' असा अर्थ आहे. पावसात भिजलेल्या बंदुकीवर फवारायला ते झकास. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक आहे. मागे उरणारा थर इतका पातळ की आपल्या श्रावणात त्यावर विसंबून चालत नाही. फवारा, पुसा आणि मग खरं तेल लावा.

जर्मनीचं बॅलिस्टॉल १९०४ पासून आहे. पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं आणि धातू, लाकूड, चामडं तिन्हींना चालतं. वास उग्र आहे, काहींना सहन होत नाही. हॉप्पीज नंबर नाइन हे त्याच काळातलं अमेरिकी द्रावक. ते मळ काढण्यासाठी आहे, नळीत ठेवून देण्यासाठी नाही. बाटली दिसते तेलासारखी म्हणून लोक तेच लावून बंदूक ठेवून देतात.

परदेशी बाटल्या तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग. त्यावाचून अडत नाही.

मळ काढायला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चांगलं. त्याचे दोन भाग आणि गाडीच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये घालतात त्या एटीएफ तेलाचा एक भाग, असं मिश्रण काचेच्या किंवा धातूच्या बाटलीत करून ठेवा. एटीएफमधले मळ सोडवणारे घटक काजळी धरून ठेवतात. २५० मिलिलीटर मिश्रण वर्षभर पुरतं. बाटलीवर नाव लिहा आणि चुलीपासून लांब ठेवा. रॉकेल हाताशी असेल तर टर्पेंटाइनऐवजी चालेल, पण कधीकधी त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून नंतर नळी नीट कोरडी करायची.

वंगणाला शिलाई मशीनचं तेल पुरतं. पातळ, रंगहीन, चिकटा न धरणारं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन त्याच कुळातलं आहे. दोन्हींची उणीव एकच, त्यात गंजरोधक मिसळलेलं नसतं. पावसाळ्यात यांच्यावर राहायचं तर दर पंधरा दिवसांनी पुसून पुन्हा लावावं लागतं. गंजरोधक असलेलं तेल मिळालं, मग ते बंदुकीचं असो वा यंत्रांच्या सुट्या भागांवर लावायचं, तर बाहेरून आणि नळीत तेच वापरा. शिलाई मशीनचं तेल आतल्या हलणाऱ्या भागांपुरतं ठेवा.

बिजागरीच्या पिनेला तेल नको, ग्रीस. दोन नंबर जाडीचं साधं लिथियम ग्रीस, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं.

स्वयंपाकघरातलं तेल आणि इतर घरगुती उपाय

खोबरेल हाताशी असतं म्हणून बंदुकीला लागतं. ते वाळून कडक होत नाही हे खरं, पण सुमारे २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे न्हाणीघरातली बाटली उन्हात ठेवावी लागते ना? तेच तेल चापाच्या यंत्रणेत गेलं असेल तर तिथेही मेणासारखं होतं. घोडा सुटतो, पण सुस्तपणे. काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचा ठोका हलका पडतो आणि काडतूस वाजत नाही. दुपारी तीच बंदूक व्यवस्थित चालते, आणि खापर काडतुसांवर फुटतं. शिवाय खोबरेल खवट झालं की त्यातली आम्लं पितळेला हिरवी पुटं आणतात.

करडई, सूर्यफूल, शेंगदाणा ही तेलं हवेत हळूहळू घट्ट होतात. कढईच्या बाहेरचा पिवळा चिकट थर आठवा, लॉकच्या (चापाच्या यंत्रणेच्या) आत तसाच थर बसतो. जवसाचं तेल तर मुळात वाळण्यासाठीच असतं. लाकडाला ते अमृत, पण धातूच्या सांध्यात गेलं तर वार्निश.

गाडीचं नवं इंजिन ऑईल अडचणीच्या वेळी चालून जातं. गॅरेजमध्ये काढलेलं काळं तेल कधीच नको, त्यात आम्लं आणि धातूची बारीक पूड असते. पेट्रोल तर अजिबातच नको. त्याची वाफ खोलीभर जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीत पेटते. ब्रेक क्लीनर मळ छान काढतो, पण दस्त्याचं पॉलिशही तितकंच छान काढतो.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर: गंजाचा डाग दिसला की यांतलं काहीतरी सुचतं. नळीवरचा निळा-काळा रंग हा लोखंडाच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि आम्लाला गंज व तो रंग यांतला फरक कळत नाही. डागासोबत रंगही जातो. खाली उघडं पडलेलं पोलाद पहिल्या पावसात पूर्वीपेक्षा जास्त गंजतं.

कोणतं तेल टिकतं ते घरीच पाहा

एकाच पाकिटातले पाच-सहा लोखंडी खिळे घ्या. मिनरल टर्पेंटाइनने पुसून कोरडे करा आणि त्यांना हात लावू नका, चिमट्याने धरा. प्रत्येकाला वेगळं तेल पुसून लावा, एक तसाच कोरा ठेवा. दोऱ्याने वळचणीला टांगा. पाणी थेट पडू नये, पण पावसाची हवा लागावी. जुलैमध्ये कोरा खिळा लवकरच लाल होतो. आठव्या दिवशी बाकीचे ओळीने मांडून बघा. दुसरी चाचणी काचेच्या तुकड्यावर करायची. प्रत्येक तेलाचा एकेक थेंब ठेवून दोन आठवडे उन्हात राहू द्या, मग बोट फिरवा. जो थेंब ओढल्यावर तार धरतो तो लॉकमध्ये घालायचा नाही. बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा या दोन चाचण्या जास्त सांगतात.

सफाईची साधनं

लाकडी किंवा पितळी गज, बारा बोअरचा फॉस्फर-ब्राँझचा ब्रश, लोकरीचा मॉप, जुना टूथब्रश आणि चिंध्या. चिंधी धुतलेल्या सुती फ्लॅनेलची, साधारण तीन इंच चौरस. गजाच्या टोकावर गुंडाळल्यावर ती नळीत घट्ट पण हाताने ढकलता येईल अशी बसली पाहिजे. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो, त्यावरून जाडी जमवा. सिंथेटिक साडीचे तुकडे घेऊ नका, ते तेल शोषत नाहीत. काडतुसातल्या शिशाचा अंश हाताला लागतो, म्हणून हातमोजे घाला, ओट्यावर हे काम करू नका आणि नंतर साबणाने हात धुवा.

काम कसं करायचं

बंदूक उघडा, दोन्ही चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. आधी कुणी बघितलं होतं, हे कारण चालत नाही. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. यापुढे काही खोलू नका. लॉकच्या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात, घरातला पेचकस त्या उखडतो. लॉक उघडण्याचं काम परवानाधारक कारागिराचं.

पहिली चिंधी कोरडीच फिरवा, म्हणजे सुटी राख निघून जाते आणि द्रावक वाया जात नाही. दुसरी चिंधी मिश्रणात बुडवून, पिळून, चेंबरकडून तोंडाकडे न्या. आता दहा-पंधरा मिनिटं थांबा. ही थांबण्याची पायरीच सगळे गाळतात आणि मग दंड दुखेपर्यंत ब्रश मारतात.

ब्रश द्रावकाने ओला करून चेंबरकडून घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मगच मागे ओढा. मध्येच दिशा बदलली तर तारा वाकतात आणि ब्रश दोन सफायांत निकामी होतो. दहा-बारा फेऱ्या पुरतात. मग चिंध्या. पहिली काळी येते, तिसरी राखाडी, पाचवी जवळपास कोरी.

आता नळी उजेडाकडे धरून आत बघा. चेंबर संपून नळी सुरू होते तिथला उतार आणि तोंडाजवळचा चोक (नळी किंचित अरुंद होते तो भाग), या दोन जागा बघायच्या. तिथे लांबट राखाडी पट्टे दिसले तर ते प्लास्टिकच्या वॅडचे (काडतुसात दारू आणि छर्‍यांमध्ये असते त्या चकतीचे) किंवा शिशाचे. जुन्या ब्रशवर चार शून्य ग्रेडचं स्टील वूल दोन वेढे गुंडाळून, द्रावकात भिजवून, तेवढ्याच जागी फिरवा. भांडी घासायची तारेची घासणी ही त्याची जागा घेऊ शकत नाही, ती नळीत ओरखडे पाडते. हे पट्टे ठेवून वरून तेल दिलं तर ओल त्यांच्याखाली अडकते आणि गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरून चकाकणाऱ्या नळीला आतून खड्डे पडतात ते असे.

नळी साफ झाल्यावर दोन कोरड्या चिंध्या, मग मॉपवर तेलाचे पाच-सहा थेंब घेऊन एक फेरी. आत बघितल्यावर ओली चकाकी दिसावी, ओघळ दिसू नये. पूर्ण दुनळीला आत-बाहेर मिळून अर्धा चहाचा चमचाही तेल लागत नाही.

ब्रीचचा (नळ्या मागून बंद करणाऱ्या भागाचा) सपाट चेहरा, पिनेची भोकं आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) मागची खाच टूथब्रशने साफ करा. एक्स्ट्रॅक्टरखाली अडकलेली दारूची एक कणी बंदूक नीट बंद होऊ देत नाही, आणि माणूस जोर लावून ती मिटतो. पिनेच्या भोकात तेल ओतायचं नाही. काडीच्या टोकावर येईल तो एक थेंब बस. आधीचं ग्रीस पुसूनच बिजागरीला नवं लावा, कारण जुन्यात मिसळलेली धूळ कानशीसारखं काम करते.

बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसताना दोन नळ्यांमधली पट्टी, चापाभोवतीची कडी आणि पुढच्या लाकडाखाली झाकला जाणारा भाग विसरू नका. घामाचा हात सगळ्यात जास्त लागतो तो तिथे. बोटाच्या ठशातलं मीठ चार दिवसांत ठशाच्याच आकाराचा गंज उमटवतं.

दस्त्याला रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन, लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. वर्षातून दोनदा पुरे. त्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पाण्यात भिजवून अंगणात पसरून वाळवा, मगच टाका.

तिसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरी चिंधी नळीतून काढा. बऱ्याचदा ती तपकिरी निघते, कारण नळीतल्या बारीक खाचांत उरलेला मळ तेलात उतरतो. तशी निघाली तर द्रावकाची एक फेरी आणि नवं तेल.

पावसाळा आणि आचारसंहिता

ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असेल तर तेल महिनाभर हळूहळू लॉकमध्ये आणि तिथून दस्त्याच्या डोक्यात उतरतं. तेल प्यालेलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि बार काढल्याच्या धक्क्याने नेमकं लॉकच्या मागे चिरतं. जुन्या बंदुकांचे दस्ते तिथेच तुटलेले सापडतात.

चामड्याचं किंवा कॅनव्हासचं कव्हर फक्त प्रवासापुरतं. दोन्ही ओल धरतात, आणि कमावलेल्या चामड्यातली रसायनं पोलाद खातात. कुलपाच्या कपाटात सच्छिद्र पिशवीत २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास भाजून परत वापरा. भिंतीला टेकलेलं कपाट दोन इंच पुढे ओढलं तरी फरक पडतो.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला की ती कित्येक आठवडे आपल्या हातात नसते. तिथे कुणी तेल लावणार नाही हे धरून चला. जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई करा, नळीत आणि बाहेर नेहमीच्या तेलाऐवजी जाड गंजरोधक तेल किंवा ग्रीसचा पातळ थर द्या आणि गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळून वर सुती कापड घाला. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधू नका, आतली ओल आतच राहते. सुतळीला चिठ्ठी लावा: 'नळीत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय वापरू नये.'

ही चिठ्ठी गंमत म्हणून सांगितलेली नाही. नळीत ग्रीस किंवा तेलाचा ओघळ असताना बार काढला तर तो अडथळा ठरतो आणि दाब वाढतो. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही, सगळा धक्का ब्रीचवर येतो. म्हणून वापराआधी नळी आणि चेंबर कोरड्या चिंधीने पुसायचे. काडतुसांनाही तेलाचा हात लावायचा नाही. पातळ तेल बुडातल्या टोपीच्या (पिन आपटते तिच्या) कडेने आत झिरपतं आणि काडतूस फुसकं निघतं.

गंज आढळलाच तर आधी तेल टाकून रात्रभर राहू द्या, मग चार शून्य स्टील वूलने अलगद. लाल पूड जाऊन काळसर डाग उरला तर थांबा, तो डाग आता वाढत नाही. नळीच्या आत खड्डे दिसले किंवा बाहेर पोचा आला असेल तर बार काढू नका, कारागिराला दाखवा.

ठासणीच्या बंदुकीला आधी पाणी

काळ्या दारूची राख क्षारांची असते. ती हवेतली ओल ओढते आणि तेलात विरघळत नाही. वरून खनिज तेल घातलं तर डांबरासारखा लगदा होतो. हिला पाणीच लागतं.

पण त्याआधी बंदूक रिकामी आहे का ते गजाने मोजा. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. खूण तोंडाशी धरल्यावर टोक निपलच्या (टोपी बसवतात त्या भोकाच्या बोंडाच्या) जवळपर्यंत पोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं कमी भरली तर आत बार आहे, तशी बंदूक कारागिराकडे.

रिकामी असल्यास कोमटाहून जरा गरम पाण्यात धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. ओली चिंधी फिरवून पाणी निपलमधून बाहेर येईपर्यंत धुवा, मग साध्या पाण्याने, मग लगेच कोरड्या चिंध्या. उकळतं पाणी घेतलं तर नळी काही मिनिटांत नारिंगी होते. कोरडी झाल्याबरोबर पाणी हटवणारा फवारा, पुसणं आणि गंजरोधक तेल, याच क्रमाने. हे काम बार काढला त्याच संध्याकाळी करायचं. खोबरेलाला मात्र इथे जागा आहे: मधमाश्यांच्या मेणात मिसळून चिंधीला लावायला ते खनिज तेलापेक्षा बरं, काळ्या दारूत लगदा होत नाही.

.३१५, .२२ आणि हवेची रायफल

.३१५ च्या गोळीला तांब्याचं आवरण असतं, त्याचा थर साध्या द्रावकाने निघत नाही. अमोनियायुक्त द्रावक लागतं आणि चिंधी निळी-हिरवी येते. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ते नळीत ठेवू नका. ब्राँझचा ब्रश त्यासोबत वापरला तर ब्रशचंच तांबं विरघळून चिंधी निळी होत राहते आणि तुम्ही साफ नळी घासत बसता. निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरला अमोनिया लावू नका, मुलाम्याखालचा तांब्याचा थर तो खातो.

.२२ च्या गोळीला साधारणपणे शिसं आणि मेण असतं. चेंबर आणि त्यापुढचे दोन इंच साफ ठेवले की बहुतेक काम झालं. चिंधी एक इंच चौरस, गज मागच्या बाजूनेच घालायचा. तोंडाची कड गजाने घासली गेली की नेम बिघडतो.

कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर मुलं वापरतात त्या हवेच्या रायफलीला बंदुकीचं तेल देऊ नका. स्प्रिंगच्या रायफलीत हवा एकदम दाबली गेली की खनिज तेलाची वाफ डिझेल इंजिनसारखी पेटते, सील जळतं आणि स्प्रिंग तुटते. सिलिंडरच्या रायफलीत हवा २०० बार दाबापर्यंत भरलेली असते, तिथे खनिज तेल म्हणजे स्फोटाचा धोका. ओ-रिंगला (रबरी सीलच्या कड्याला) सिलिकॉन ग्रीस आणि नळीत तेलाशिवाय फेल्टच्या कोरड्या गोळ्या, एवढंच द्यायचं.